नंबर कोणाचा?

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला बॅटखालचे आकडे आठवत असतील. मातीत काडीने उभ्या रेघा ओढायच्या, प्रत्येक रेघेच्या एका टोकाला आकडा लिहायचा, त्यावर बॅट आडवी टाकायची आणि एकेकाने उघड्या टोकावर बोट ठेवायचं. बॅट उचलली की ज्याच्या रेघेला जो आकडा, तो त्याचा नंबर. पहिला नंबर लागलेला नाचायचा. शेवटचा नंबर लागलेल्याला अचानक घरचा अभ्यास आठवायचा. तासाभराने भांडण व्हायचं ते आऊट-नॉटआऊटवरून जितकं, तितकंच ‘आता नंबर कोणाचा’ यावरून. तोवर रेघा पायाखाली पुसल्या गेलेल्या असायच्या.

मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये हे भांडण उरत नाही. कर्णधार नाणेफेकीआधी अकरा नावं देतो, पण त्या नावांना क्रम नसतो. सलामीला कोण जाईल, चौथ्या क्रमांकावर कोण, रात्रीचा पहारेकरी म्हणून कोणाला ढकलायचं, हा संघाचा खासगी मामला. पंचाला त्याच्याशी देणंघेणं नाही. सॉफ्टबॉलमध्ये मात्र सामना सुरू होण्याआधी क्रम लिहून द्यावा लागतो आणि तो शेवटच्या चेंडूपर्यंत बदलत नाही. नऊ जणी, एकामागून एक. नववीनंतर पुन्हा पहिली. इनिंग संपली, तीन बाद झाल्या, संघ मैदानात गेला आणि परत आला, तरी माळ जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होते. एखादी खेळाडू बदलली तर नवी खेळाडू त्याच मण्याच्या जागी येते. जी माळ गल्लीत तासभरसुद्धा टिकत नव्हती, ती सात इनिंग टिकवायची असते. ते काम ज्याच्याकडे असतं, तो होम प्लेटच्या मागे मुखवटा घालून उभा असलेला मुख्य पंच. त्याच्या डाव्या हातात चेंडू, स्ट्राइक आणि बाद मोजायचं चकत्यांचं छोटं यंत्र असतं, कमरेला चेंडूंची थैली असते आणि खिशात दोन कागद.

हे प्रकरण त्या दोन कागदांचं आहे.

समजा, आपण बोरगाव मेघेत एखाद्या शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे आहोत. सिंदी मेघे, सावंगी मेघे, पिपरी मेघे या भावंडांसारखंच हेही गाव वर्धा शहराला इतकं खेटलेलं, की शहर कुठे संपलं ते रस्त्यावरून कळत नाही. पावसाळा सरत आलाय. शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस आहेत. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुला-मुलींचे सामने जिल्ह्यात होतात, जिंकलेला संघ नागपूर विभागाला जातो, तिथून राज्याला. जमीन काळी, कपाशीची. रात्री सर येऊन गेली असेल तर बुटांना चिखलाचे गोळे चिकटतात आणि फक्कीने आखलेल्या रेघा सकाळी पुन्हा आखाव्या लागतात. म्हणूनच इथले अनुभवी पंच कागदावर शिसपेन्सिल वापरतात. पेनाची शाई एका थेंबात पसरते, मग सातचा एक झाला की एक मुलगी दुसरीच होऊन बसते.

हा खेळ आपल्याकडे आला त्याला फार काळ लोटलेला नाही. १८८७ मध्ये शिकागोतल्या एका बोट क्लबच्या व्यायामशाळेत, बॉक्सिंगच्या हातमोज्याचा गोळा करून आणि झाडूच्या दांड्याची बॅट करून तो पहिल्यांदा खेळला गेला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव तर १९२६ मध्ये सुचवलं गेलं. भारतात त्याची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये जोधपूरला स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धाही तिथेच, १९६७ मध्ये. पण पाळीपाळीने खेळण्याचा नियम सॉफ्टबॉलपेक्षाही जुना. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये बेसबॉलचे नियम लिहून काढले, तेव्हाच त्यात खेळाडूंनी ठरलेल्या क्रमाने खेळावं असं एक कलम होतं. एवढ्या जुन्या नियमाभोवती पुढे किती गुंता वाढला, ते आता पाहू.

सामन्याच्या आधी दोन्ही संघांचे प्रशिक्षक होम प्लेटपाशी येतात आणि आपापलं लाइनअप कार्ड पंचाच्या हाती देतात. त्यावर वरून खाली नऊ नावं, प्रत्येकीपुढे शर्टाचा नंबर आणि मैदानावरच्या जागेचा नंबर. जागांचे आकडे जगभर तेच: १ म्हणजे पिचर, २ कॅचर, ३, ४, ५ म्हणजे पहिला, दुसरा आणि तिसरा बेस, ६ म्हणजे शॉर्टस्टॉप, ७, ८, ९ म्हणजे बाहेरचं क्षेत्र, डावीकडून उजवीकडे. खाली राखीव खेळाडूंची यादी. पंच ते कार्ड नुसतं खिशात घालत नाही. तो प्रशिक्षकासमोर वाचतो. नावं नऊ की दहा? एकच नंबर दोनदा तर नाही? एकाच जागेवर दोघी तर लिहिल्या नाहीत? ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून त्याने कार्ड स्वीकारलं की ते अधिकृत होतं. त्या क्षणापर्यंत प्रशिक्षक खोडाखोड करू शकतो. त्यानंतर केलेला प्रत्येक फरक म्हणजे बदल, आणि बदलाचा हिशोब द्यावा लागतो.

दहा नावं कुठून आली, हे इथेच सांगून टाकतो, कारण नव्या पंचांना सगळ्यात जास्त घाम इथेच फुटतो. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका बेसबॉल लीगने पिचरऐवजी दुसऱ्या कोणीतरी फलंदाजी करावी अशी सोय काढली. सॉफ्टबॉलने ती घेतली आणि तिला आणखी पीळ दिला. इथे दहावं नाव असतं ‘फ्लेक्स’चं. ती मैदानात उतरते, फलंदाजी करत नाही. तिच्या वतीने नवांतली एक जण फलंदाजी करते, तिला म्हणतात डीपी, म्हणजे नेमलेली खेळाडू. इथवर सोपं आहे. पण डीपी मैदानातही उतरू शकते. ती फ्लेक्सच्या जागी उतरली तर फ्लेक्स सामन्याबाहेर गेली असं धरतात आणि दहाच्या नऊ होतात. ती दुसऱ्याच कोणाच्या जागी उतरली, तर ज्या मुलीच्या जागी उतरली ती बाहेर जात नाही, फक्त फलंदाजी करत राहते, आणि दहा दहाच राहतात. फ्लेक्सला फलंदाजी करायची असेल तर ती फक्त डीपीच्याच ओळीत, आणि मग डीपी बाहेर. दोघी एकाच वेळी फलंदाजीच्या बाजूला कधीच असू शकत नाहीत. सामना नऊ जणींनी सुरू केला असेल तर मध्येच दहावी काढता येत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवायचा प्रयत्न करणारा पंच बुडतो. जाणता पंच प्रत्येक बदलानंतर एकच प्रश्न विचारतो, ‘आता दहा की नऊ?’ उत्तर कार्डाच्या कोपऱ्यात लिहितो आणि विसरून जातो. माझ्या मते या खेळातली अर्धी अक्कल त्या विसरण्यात आहे. स्मरणशक्तीवर विसंबणारा पंच पाचव्या इनिंगपर्यंत चांगला असतो.

आता बदली. बोरगावच्या आपल्या सामन्यात चौथ्या इनिंगला प्रशिक्षक मॅडम हात वर करून येतात. ‘सर, सातच्या जागी चौदा.’ पंच ‘टाइम’ पुकारतो, मुखवटा काढतो, कार्ड बाहेर काढतो. आधी लिहितो, मग बोलतो. हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो, कारण बोलताना कोणीतरी दुसरंच काही विचारतं आणि लिहायचं राहून जातं. सातच्या ओळीत तो चौदा लिहितो, शेजारी इनिंगचा आकडा घालतो आणि खालच्या राखीव यादीतल्या चौदावर काट मारतो. मग गुणलेखकाच्या टेबलाकडे वळून सांगतो आणि समोरच्या संघाच्या प्रशिक्षकालाही सांगतो. पिचर आणि पहिल्या बेसवरची मुलगी यांनी नुसत्या जागा बदलल्या असत्या तर फलंदाजीच्या माळेला धक्का लागला नसता, दोघी आपापल्या ओळीतच राहिल्या असत्या. ओळीतलं नाव बदलणं ही खरी बदली.

कार्डावरच्या खुणा हा प्रत्येक पंचाचा स्वतःचा कारभार. एक सर्रास पद्धत अशी की सुरुवातीची खेळाडू बाहेर गेली की तिच्या नंबरावर एक तिरकी रेघ, ती परत आली की भोवती गोल, पुन्हा बाहेर गेली की फुली. फुली म्हणजे दार बंद. ही तीन पायऱ्यांची खूण लागते ती सॉफ्टबॉलच्या एका उदार नियमामुळे. क्रिकेटमध्ये बाद झालेला गेला. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये बदललेला खेळाडू त्या दिवसापुरता संपला. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातली खेळाडू एकदा बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते. अट एवढीच की तिने फलंदाजीच्या आपल्याच ओळीत परत यायचं. राखीव म्हणून आलेली मात्र एकदा गेली की गेली.

या सवलतीची किंमत जगाने टोकियोत पाहिली. २७ जुलै २०२१, ऑलिंपिकचा अंतिम सामना, जपान विरुद्ध अमेरिका. जपानची पिचर युकिको उएनो, बीजिंगच्या २००८ च्या सुवर्णपदकाची मानकरी, आता ३९ वर्षांची. सहाव्या इनिंगमध्ये तिला काढून तरुण मिउ गोतोला आणलं. गोतोने ती कठीण इनिंग निभावली आणि सातव्या, शेवटच्या इनिंगला उएनो पुन्हा मैदानात उतरली. जपानने २-० असा सामना जिंकला. दूरचित्रवाणीवर हे पाहणाऱ्या क्रिकेटवेड्या माणसाला वाटलं असेल, ही गेली होती ना? परत कशी आली? तिचं परत येणं ज्याच्या भरवशावर मान्य झालं, तो एक कागद होता. ती सुरुवातीच्या यादीत आहे, एकदाच बाहेर गेली आहे आणि आपल्याच जागी येते आहे, या तीन गोष्टी त्यावर दिसत होत्या.

आणि हीच सवलत शाळेच्या मैदानावर गोंधळही घालते. मॅडम सहाव्या इनिंगला म्हणतात, ‘सर, चौदाला परत घेते, आणि सातला मग शेवटी पुन्हा.’ पंच कार्ड पाहतो. सात परत आलेली आहे, तिच्याभोवती गोल आहे. चौदा राखीव होती, तिच्यावर काट आहे. ‘मॅडम, चौदा परत येऊ शकत नाही.’ संपलं. बदली सांगायला आल्यावरच चूक अडवणं पंचाला जमतं आणि अडवावीच लागते, कारण सामना सुरू झाल्यावर नियमबाह्य खेळाडू सापडली तर समोरचा संघ दाद मागतो, शिक्षा होते आणि मुलींचा विरस होतो. बदली न सांगता घडली, मुलगी गुपचूप येऊन खेळू लागली, तर आणखी पंचाईत. म्हणून जाणता पंच प्रत्येक फलंदाज येताना चेहऱ्याकडे बघत नाही, पाठीवरच्या नंबराकडे बघतो. चेहरा सारखा वाटू शकतो, विशेषतः हेल्मेटखाली.

इथवर पंच सगळ्यांना सगळं सांगतो आहे. आता कागदाची दुसरी बाजू, जिथे त्याने तोंड उघडायचं नाही.

आपल्या सामन्यात क्रम असा आहे: सात, बारा, तीन, एकवीस, नऊ, आणि पुढे. बाराची पाळी संपली, ती पहिल्या बेसवर आहे. आता तीनने यायला हवं. पण बाकावर गडबड झाली आणि एकवीस बॅट घेऊन उभी राहिली. पंचाच्या कार्डावर तीन आहे, समोरच्या पाठीवर एकवीस. तो काय करतो? ‘प्ले’ म्हणतो.

काठावर उभ्या एखाद्या पालकाला हे कळलं तर तो चिडेल. पण नियमाने क्रम मोडणं ही दाद मागायची गोष्ट ठरवली आहे, पंचाने आपणहून पकडायची नव्हे. बेसबॉलच्या नियमपुस्तकात तर स्पष्ट बजावलेलं आहे की चुकीची फलंदाज उभी आहे हे पंचाने कोणाच्याही लक्षात आणून द्यायचं नाही, आणि गुणलेखकानेही नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक झेल घेऊन गप्प राहिला तर पंच बोट वर करत नाही, अपील लागतं. ज्याचं नुकसान होतंय त्याने डोळे उघडे ठेवावेत, हा दोन्ही खेळांचा सारखाच स्वभाव.

मग एकवीसच्या खेळीचं पुढे काय होतं, ते कोण कधी बोललं यावर ठरतं. एक चेंडू, दोन स्ट्राइक झाल्यावर कोणाच्या लक्षात आलं, तर फार काही बिघडत नाही. एकवीस बाजूला, तीन येते आणि तोच हिशोब पुढे चालतो, एक चेंडू, दोन स्ट्राइक. कोणी बाद नाही. एकवीसच्या संघाला स्वतःची चूक सुधारायला इथपर्यंत मुभा आहे.

पण समजा एकवीसने दणका मारला, चेंडू सीमेच्या झुडपांत गेला, बारा धावत घरी पोचली आणि एकवीस दुसऱ्या बेसवर उभी राहून टाळ्या घेते आहे. पुढच्या फलंदाजाला चेंडू टाकला जाण्याआधी समोरचे प्रशिक्षक येतात: ‘सर, नंबर तीनचा होता.’ आता पंच कार्ड काढतो, बघतो आणि निर्णय देतो. बाद कोण? एकवीस नव्हे. बाद तीन. बाकावर बसून पाणी पिणारी, बॅटला हात न लावलेली तीन. एकवीसचा दणका रद्द, धाव रद्द, बारा पहिल्या बेसवर परत. आणि पुढची फलंदाज? बाद झालेल्या तीननंतर यादीत जिचं नाव आहे ती, म्हणजे एकवीस. तिने पुन्हा यायचं आणि पुन्हा खेळायचं.

आता काठावरून आवाज येणारच. ‘अजी सर, ते पोरगी तं बॅटिंगले आलीच नाही, मंग आऊट काऊन?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरही सरळ आहे: तिची पाळी होती आणि ती आली नाही, म्हणूनच ती बाद.

तिसरी शक्यता सर्वांत मजेशीर. समोरच्या संघाच्या लक्षातच आलं नाही आणि पुढच्या फलंदाजाला एक चेंडू टाकला गेला. तेवढ्या एका चेंडूने एकवीसचं पाप धुतलं जातं. तिची खेळी वैध, धाव वैध, आणि माळ तिच्यापासून पुढे मोजायची. पुढचा नंबर नऊचा. तीनची पाळी हुकली ती हुकली. पण बाकावरच्यांना हे कुठे ठाऊक? त्यांना वाटतं, दोघींची अदलाबदल झाली, आता तीनने जाऊन भरपाई करावी. तीन जाते, खेळते, समोरचे प्रशिक्षक आता जागे झालेले असतात, आणि ते दाद मागतात. बाद कोण? नऊ. तिने काय केलं? काहीच नाही.

हे गणित काल्पनिक वाटत असेल तर ९ मे २०१८ चा बेसबॉलचा सामना आठवावा, न्यूयॉर्क मेट्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स. मेट्सने आपल्या डगआउटमध्ये लावलेला क्रम आणि पंचाला दिलेल्या कार्डावरचा क्रम वेगळे होते. कार्डावर दुसरा कॅब्रेरा, तिसरा फ्लोरेस. प्रत्यक्षात फ्लोरेस आधी आला आणि बाद झाला, रेड्स गप्प. मग कॅब्रेरा आला आणि त्याने दोन बेसचा फटका मारला. आता रेड्सचे व्यवस्थापक जिम रिगलमन पंचाकडे गेले. फ्लोरेसची खेळी तोवर वैध झालेली होती, म्हणून फ्लोरेसनंतर कार्डावर जो होता त्याची पाळी होती, आणि तो होता जे ब्रूस. ब्रूस बाद, इनिंग संपली, कॅब्रेराचा फटका रद्द. नोंदीत ब्रूसला बाद करण्याचं श्रेय कॅचरच्या नावे गेलं, कारण ते कोणाच्या तरी नावे जावंच लागतं. मेट्स तो सामना दहाव्या इनिंगमध्ये २-१ असा हरले. कोट्यवधी डॉलर पगार घेणाऱ्या खेळाडूंच्या संघात हे घडलं, तर बोरगावच्या सातवी-आठवीतल्या मुलींना आपण काय बोल लावणार?

क्रम चुकतो तो बहुतेक वेळा इनिंगच्या सांध्यावर. समजा, नऊ फलंदाजी करते आहे, एक चेंडू एक स्ट्राइक झालाय, आणि बेसवरची धावणारी चोरी करताना बाद होते. तिसरी बाद, इनिंग संपली. नऊची पाळी पूर्ण झालेली नाही. पुढच्या इनिंगला तीच पहिली येणार, हिशोब पुन्हा शून्यापासून. पण बाकावरच्यांना वाटतं, नऊ खेळली ना, आता पुढची. म्हणून प्रत्येक अर्धी इनिंग संपताच पंच मुखवटा काढून कार्डावर खूण करतो: पुढे कोण. पाणी प्यायच्या आधी. नंतर तो गुणलेखकाच्या टेबलाजवळून जाताना नजर टाकतो, दोघांची खूण जुळते का. जुळली नाही तर त्याच क्षणी मिटवायची, दोन इनिंगनंतर नव्हे.

शेवटची फलंदाज कोण, हे माहीत असणं आणखी दोन ठिकाणी कामी येतं. सात इनिंगनंतर बरोबरी झाली तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आठव्यापासून प्रत्येक संघ दुसऱ्या बेसवर एक धावणारी उभी करून सुरुवात करतो. ती कोणीही चपळ मुलगी नाही. त्या इनिंगच्या पहिल्या फलंदाजाच्या आधी यादीत जी आहे, म्हणजे जिची पाळी आता सर्वांत उशिरा येणार, तीच. दुसरं ठिकाण कॅचरचं. दोन बाद झालेल्या असताना कॅचर बेसवर असेल, तर तिला अंगावरचे सगळे पॅड चढवायला वेळ मिळावा म्हणून तात्पुरती धावणारी घेता येते. तीही आवडीची नाही, बेसवर नसलेल्यांपैकी जिची पाळी सर्वांत लांब, ती. दोन्ही वेळा प्रशिक्षक मैदानातून ओरडून विचारतात, ‘सर, कोण?’ आणि इथे मात्र पंचाने कार्ड बघून नंबर सांगायचा असतो. बोटांवर उलटं मोजणारा पंच इथे हमखास फसतो. कार्डावर बोट ठेवून एक ओळ वर सरकणारा फसत नाही.

आपल्या मुलींना हा क्रमाचा संस्कार नवा नाही, हे प्रशिक्षकांनी ओळखायला हवं. खो-खोत धावक आपला क्रम गुणलेखकाकडे आधीच नोंदवतात, तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात, आणि जो आपल्या क्रमाबाहेर आत शिरला तो बाद. कबड्डीत बाद झालेले गडी जिवंत होतात ते ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. कर्णधाराला आवडता चढाईपटू आधी परत हवा असला तरी त्याला रांगेतच थांबावं लागतं. विदर्भातल्या कुठल्याही शाळेत खो-खो खेळलेल्या मुलीला ‘तुझी तुकडी कितवी’ हे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तिला सॉफ्टबॉलचा क्रम शिकवताना बेसबॉलचं उदाहरण देण्यापेक्षा खो-खोची तुकडी दाखवावी. फरक फक्त एवढा सांगावा की खो-खोत क्रम चुकला तर पंच स्वतःच बाद देतो, आणि इथे समोरची मुलगी तोंड उघडेपर्यंत तो गप्प राहतो.

सामना संपल्यावर पंचाचं कार्ड आणि गुणलेखकाची पत्रिका समोरासमोर ठेवून शेवटची पडताळणी होते. कोण खेळली, कोण बदलून आली, कोणत्या इनिंगला आली. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात या नोंदीला खेळापलीकडचं वजन आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्या सगळ्याची वाट स्पर्धेतल्या सहभागाच्या कागदावरून जाते. चौथ्या इनिंगला उजव्या कोपऱ्यात उतरलेली, एकही चेंडू वाट्याला न आलेली चौदा नंबरची मुलगी त्या दिवशी खेळली, याला साक्ष कोण? पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा.

म्हणून शाळांच्या प्रशिक्षकांना एक विनंती. कार्ड सामन्याच्या पाच मिनिटं आधी गुडघ्यावर ठेवून लिहू नका, आदल्या दिवशी लिहा. नुसतं पाळण्यातलं नाव चालत नाही, एकाच नावाच्या तिघी असतात. आडनाव, शर्टाचा नंबर आणि जागा, तिन्ही लिहा. बाकावर बसणाऱ्या सगळ्या मुलींची नावं राखीव यादीत घाला, त्या उतरणार नाहीत असं वाटलं तरी. त्याचीच एक प्रत बाकाजवळ मुलींना दिसेल अशी लावा आणि एका मुलीला फक्त तिच्यावर बोट ठेवून बसवा. आणि एक पेन्सिल जास्तीची आणा, पंचाची बहुधा तुटलेली असते.